मत आमचे, वळण त्यांचे

मी जबलपूरची आहे असे सांगितले, की महाराष्ट्रातली माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "घरी मराठी बोलता का?" आणि दुसरा, "तुमचा मध्य प्रदेश सध्या कोणाचा?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तीन पिढ्या हिंदी मुलखात राहूनही आमच्या घरी मराठीच बोलतात. तिच्यात चार हिंदी शब्द मिसळले असतील, पण भाजीला फोडणी आणि मुलांना रागावणे मराठीतच चालते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा उत्साह मात्र आता आमच्या घरात कोणालाच उरलेला नाही. विचारणाऱ्याला पक्षाचे नाव हवे असते. आम्हाला सांगायचे असते ते वेगळेच.

आमचे घर अधारतालला आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह कायस्थ यांनी इथे तलाव खोदवला, म्हणून भागाचे नाव अधारताल. राणीचा तो राणीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल आणि मंत्र्याचा अधारताल, असे आम्हाला शाळेत सांगत. जबलपूर हे बावन्न तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. त्यातले बरेचसे बुजले आणि त्यांच्यावर घरे उभी राहिली. अधारताल भागात एका बाजूला १९६४ साली स्थापन झालेले कृषी विश्वविद्यालय आहे, दुसरीकडे लहानमोठे उद्योग आहेत आणि मधल्या गल्ल्यांतून संरक्षण खात्याच्या कारखान्यांतले कर्मचारी, मास्तर, दुकानदार, निवृत्त मंडळी राहतात. माझे वडील त्याच कारखान्यांपैकी एकातून निवृत्त झाले.

असा हा सरळ मध्यमवर्गीय भाग. इथल्या माणसांना राजकारणाचे वेड आहे असे नाही. पण गेल्या काही वर्षांत इथे एक विचित्र थकवा आला आहे. निवडणूक जवळ आली की पूर्वी चहाच्या टपरीवर "हवा किसकी है?" यावर तासन्तास वाद चालायचे. आता कोणीतरी हात झटकतो आणि म्हणतो, "हवा किसी की भी हो, बाद में घुमा देंगे." या एका वाक्यात सगळी तक्रार आली. लोक या पक्षावर रागावले आहेत की त्या, हे नुसते आकडे पाहून कळत नाही. कारण राग पक्षावर नाही. आपण दिलेले मत आपल्याला न विचारता वळवले जाते, हा राग आहे.

आजोबांचे राज्य

वळणांची आमच्या घराला सवय नाही असे मुळीच नाही. आजोबा नागपूरच्या उच्च न्यायालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी संपली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. कागदपत्रांच्या पेट्यांबरोबर आजोबाही आले. पुनर्रचना आयोगाने नव्या राज्याची राजधानी म्हणून जबलपूरची शिफारस केली होती. राजधानी झाली भोपाळ. जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले आणि त्याबरोबर एक सल, जो इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून डोकावतो.

"आम्ही राज्य बदलले नाही, राज्यानेच आम्हाला बदलले," असे आजोबा म्हणत. पण त्यांचा सूर कडवट नसे. नवे राज्य, नवे शहर त्यांनी आपले मानले आणि प्रत्येक निवडणुकीत धुतलेले धोतर नेसून ते मतदानाला गेले. ते सेठ गोविंददासांचे मतदार. सेठजी १९५२ पासून थेट १९७४ साली निधन होईपर्यंत इथले खासदार होते. आजोबांच्या मते मतदान म्हणजे ओळखीच्या, वडीलधाऱ्या माणसाला दिलेला मान होता.

बाबांच्या पिढीने तो मान मोडला. सेठजींच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली आणि जयप्रकाशजींच्या आंदोलनाच्या त्या दिवसांत विरोधकांनी मिळून शरद यादव नावाच्या सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थी नेत्याला उभे केले. जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा मुलगा. बाबा तेव्हा कॉलेजात होते. मतदानाचे वय एकवीस असल्यामुळे त्यांना मत नव्हते, पण सायकलवरून पत्रके वाटायला ते होते. आजोबा काँग्रेसकडे, बाबा विरोधकांकडे. शरद यादव निवडून आले. आजी सांगायची, त्या रात्री आजोबा गप्प गप्प जेवले आणि हात धुताना म्हणाले, "लोकांनी ठरवलं ना? मग झालं."

"लोकांनी ठरवलं ना?" हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखे झाले. १९८२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे बाबुराव परांजपे जिंकले, तेव्हा मराठी माणूस जबलपूरचा खासदार झाला म्हणून गल्लीतल्या मराठी बायकांनी पेढे वाटले. १९८४ मध्ये काँग्रेसचे अजयनारायण मुशरान आले. १९८९ मध्ये पुन्हा बाबुराव, १९९१ मध्ये काँग्रेसचे श्रवण पटेल आणि १९९६ मध्ये पुन्हा बाबुराव. शहर इकडून तिकडे झुलत होते, पण झुलवणारे आम्ही होतो. दर वेळी बोटाला शाई लागत होती.

या काळातली एक गोष्ट बाबा आजही सांगतात. आणीबाणीत लोकसभेची मुदत संपत आली असताना ती वाढवण्यात आली. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले असताना वाढीव मुदतीत बसायचे नाही, म्हणून १९७६ मध्ये दोघा खासदारांनी राजीनामे दिले. एक मधू लिमये आणि दुसरे आमच्या जबलपूरचे शरद यादव. पुढच्या आयुष्यात शरद यादवांनी कितीतरी पक्ष बदलले, त्याबद्दल बाबा त्यांचे कौतुक करत नाहीत. पण तो राजीनामा मतदाराचा मान राखण्यासाठी होता, असे ते म्हणतात. राजीनामा हा शब्द पुढे कोणत्या कामासाठी वापरला जाणार आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना होती?

लोकांनी घेतलेले वळण

माझी स्वतःची राजकीय आठवण अंधाराची आहे. २००३ साल. मी शाळेत होते. संध्याकाळी अभ्यासाला बसावे आणि दिवे जावेत, हे रोजचेच. आई कंदिलाची काच राखेने पुसून ठेवायची. त्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर पाणी शिंपडून झोपत असू आणि रात्री बाराला दिवे आले की अख्ख्या गल्लीत एकच ओरडा व्हायचा. रस्त्यांची स्थिती अशी, की भोपाळहून येणारे पाहुणे आधी पाठ दाबून घेत आणि मग पाणी मागत. त्या निवडणुकीत "बिजली, सडक, पानी" एवढाच विषय होता. दिग्विजय सिंहांचे दहा वर्षांचे सरकार गेले आणि २३० पैकी १७३ जागा भाजपला मिळाल्या. हे वळण लोकांनी घेतलेले होते. त्याबद्दल गल्लीत कोणाला प्रश्न पडला नाही.

पंधरा वर्षांनी, २०१८ मध्ये, लोकांनी पुन्हा विचार केला. पण या वेळी कौल काठावरचा होता. काँग्रेसला ११४ जागा, भाजपला १०९. मतांची टक्केवारी पाहिली तर दोन्ही पक्ष ४१ टक्क्यांच्या आसपास आणि भाजपची मते किंचित जास्तच. जबलपूर जिल्ह्यात आठ जागा, त्यांतल्या चार यांना आणि चार त्यांना. जबलपूर उत्तर मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ५७८ मतांनी लागला आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणावर त्याहून जास्त बोटे पडली. इतक्या बारीक तराजूने तोललेला कौल. बहुमतासाठी ११६ हवे होते, तेव्हा बसप, सप आणि अपक्ष यांच्या आधाराने कमलनाथ मुख्यमंत्री झाले.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंची घरे आहेत. समोरचे मास्टरजी भाजपचे जुने निष्ठावंत. निवृत्त शिक्षक, कडक इस्त्रीचा कुर्ता, बोलणे अगदी मोजके. बाबा सुरुवातीला जनता पक्षाचे, मग बाबुरावांचे आणि २०१८ मध्ये बदल हवा म्हणून काँग्रेसला मत देणारे. दोघे तीस वर्षे रोज पहाटे कृषी विश्वविद्यालयाच्या रस्त्यांवर फिरायला जात. येताना रविवारी पोहे-जिलेबी. निकालाच्या दिवशी मास्टरजी स्वतः येऊन बाबांना म्हणाले, "बधाई हो भाईसाहब, अब आप लोग चलाकर दिखाइए." हरलेल्याने जिंकलेल्याला असे म्हणावे, यात लोकशाहीचा अर्धा अर्थ येतो असे मला वाटते.

२० मार्च २०२०

ही तारीख आमच्या घरात कोणी विसरणार नाही. दहा दिवसांपूर्वी ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेस सोडून गेले होते. २२ आमदारांनी राजीनामे दिले होते आणि त्यांतले बहुतेक बंगळुरूच्या एका हॉटेलात होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सिद्ध करायला सांगितले आणि त्याआधीच २० मार्चला कमलनाथांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी मध्य प्रदेशातले करोनाचे पहिले चार रुग्ण सापडले. कुठे? आमच्या जबलपुरात.

मी मुंबईत, आईबाबा अधारतालला. फोनवर आई विचारत होती, "दुधाची पिशवी धुऊन घ्यायची का गं?" आणि मागे दूरदर्शन संचावर भोपाळचे विमानतळ, गाड्यांचे ताफे, हारतुरे. २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला, २४ ला देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्यानंतर २१ एप्रिलपर्यंत मुख्यमंत्री एकटेच होते, मंत्रिमंडळ नव्हते, म्हणजे वेगळा आरोग्यमंत्रीही नव्हता. कोणता पक्ष आला आणि कोणता गेला, याचे आईला काही घेणे नव्हते. ती एवढेच म्हणाली, "हे सगळं महिनाभर थांबलं नसतं का?"

मास्टरजींच्या घरी मात्र आनंद होता. त्यांच्या मुलाने गल्लीत लाडू वाटले. बाबांनी लाडू घेतला नाही. दारातच म्हणाले, "जिंकून आला असता तर दोन खाल्ले असते." मास्टरजींना ते लागले. टाळेबंदीमुळे पहाटेचे फिरणे बंदच होते, पण टाळेबंदी उठल्यावरही दोघे वेगवेगळ्या वेळी फिरायला निघू लागले. तीस वर्षांची सोबत एका लाडवावरून तुटली. वाचकांपैकी अनेकांच्या घरात, सोसायटीत असे काही घडले असेल. राजकारणी पुन्हा एकत्र जेवतात. आपली मात्र बोलणी बंद होतात.

भोके बुजतात, नवी पडतात

बातमीदारीच्या पदविकेच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, की घटना समजत नसेल तर तिची आजी शोधा. इथे तर ते शब्दशः खरे निघाले. १९६७ साली मध्य प्रदेशात काँग्रेस निवडून आली होती, द्वारकाप्रसाद मिश्र मुख्यमंत्री होते. काही महिन्यांतच गोविंदनारायण सिंह ३६ आमदारांसह बाहेर पडले आणि संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. त्या उलथापालथीमागची मोठी शक्ती होती ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे. त्रेपन्न वर्षांनी त्यांच्या नातवामुळे दुसरे सरकार गेले. राजघराण्यातल्या आजीचा वारसा नातवाने चालवला, एवढे म्हणून आपण हसू शकतो. पण मधल्या काळातली वळणे पाहिली की हसू मावळते.

१९७७ मध्ये केंद्रात जनता पक्ष आला आणि राज्यातले काँग्रेस सरकार बरखास्त झाले. १९८० मध्ये इंदिराजी परतल्या आणि सुंदरलाल पटवांचे जनता सरकार बरखास्त झाले. १९९० मध्ये पटवा भाजपचे मुख्यमंत्री म्हणून निवडून आले आणि अयोध्येच्या घटनेनंतर डिसेंबर १९९२ मध्ये त्यांचे सरकार पुन्हा बरखास्त झाले. आमच्या जबलपूरच्या उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ही बरखास्ती अवैध ठरवली. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध मानली, पण त्याच निकालाने पुढच्यासाठी दार आवळले. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचे, असे ठरले. केंद्राच्या एका सहीने सरकार घालवणे अवघड झाले.

पक्षांतराचेही तसेच. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल अशी फट होती. २००३ मध्ये ती फट बंद झाली. मग नवी वाट सापडली. पक्ष सोडायचाच नाही, आमदारकीच सोडायची. आमदारच नसल्यावर बंदी कोणाला लागू करणार? सभागृहाची संख्या आपोआप घटते, बहुमताचा आकडा खाली येतो आणि सरकार पडते. घटनेप्रमाणे आमदार नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो. जुलै २०२० मध्ये विस्तार झाल्यावर मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळात आमदार नसलेले चौदा मंत्री होते. कायदा कुठेही मोडला नाही. मतदाराला मात्र काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

ही वाट काढण्यात एकच पक्ष हुशार आहे असे कोणी समजू नये. वरची यादी पुन्हा वाचा. कधी यांचे सरकार गेले, कधी त्यांचे. जो पक्ष भोगतो तो लोकशाहीच्या नावाने गळा काढतो आणि ज्याला लाभ होतो तो राज्याच्या हिताची भाषा बोलतो. पाच वर्षांनी भाषणे तीच राहतात, फक्त बोलणारे बदलतात.

विचारले कोणाला?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांवर पोटनिवडणुका झाल्या, तेव्हा १९ जागा भाजपने जिंकल्या. म्हणजे जिथे लोकांना विचारले, तिथल्या बहुतेकांनी नव्या वळणावर शिक्का मारला. काही मंत्री पडलेही. तो कौल मान्य केलाच पाहिजे आणि बाबांनी तो केला. "लोकांनी ठरवलं ना?" हे वाक्य ते त्या दिवशीही म्हणाले, जरा वेळ घेऊन.

पण त्या २८ जागांत जबलपूर जिल्ह्यातली एकही नव्हती. आमच्या चार-चारच्या कौलाला कोणी पुन्हा विचारले नाही. आधीच्या सरकारात जबलपूरचे दोन मंत्री होते, त्यांत अर्थखातेही होते. जुलैच्या विस्तारानंतर जबलपूर जिल्ह्याच्या वाट्याला एकही मंत्रिपद आले नाही. महाकोशलाची उपेक्षा होते हे त्या वेळी सत्ताधारी पक्षातल्याच ज्येष्ठ आमदाराने बोलून दाखवले. म्हणजे निराशा एका बाजूची नव्हती. ज्यांचे सरकार गेले ते निराश आणि ज्यांचे आले तेही निराश.

मग आली शहराची पाळी. जुलै २०२२ मध्ये जबलपूरच्या लोकांनी थेट मतदानाने काँग्रेसचे जगतबहादूर सिंह अन्नू यांना महापौर केले. त्याआधीची अनेक वर्षे हे पद भाजपकडे होते. शेवटच्या महापौर होत्या स्वाती गोडबोले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे महापौर भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी संसद आणि विधिमंडळांपुरती आहे, महापौरांना ती लागू नाही. त्यामुळे राजीनामा नाही, पोटनिवडणूक नाही. असे करणारे ते देशातले पहिले नव्हेत आणि शेवटचेही नसतील. पण त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत जबलपूरचे मतदान २०१९ च्या सुमारे ६९ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर आले. उन्हाळा होता, लग्नसराई होती, कारणे अनेक सांगता येतील. टपरीवर सांगितले जाणारे कारण मी वर लिहिलेच आहे.

मास्टरजींचा हार

महाकोशलात ये-जा वाढलेल्या त्याच काळातली ही गोष्ट. आमच्या भागातला एक लहानसा पुढारी या पक्षातून त्या पक्षात आला. त्याचे नाव महत्त्वाचे नाही. त्याच्या स्वागताला जुन्या कार्यकर्त्यांनी जमावे असा निरोप मास्टरजींकडे आला. हार कोणी घालायचा? अर्थात ज्येष्ठ म्हणून मास्टरजींनी.

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. चार वर्षांत पहिल्यांदा. आईने न विचारता चहा टाकला. मास्टरजी खुर्चीवर बसले आणि बाबांना म्हणाले, "भाईसाहब, ज्याला पाडण्यासाठी मी दोन महिने उन्हात दारोदार फिरलो, ज्याच्याबद्दल लोकांना सांगितलं की हा माणूस योग्य नाही, त्यालाच आता हार घालू? मग ज्या दारांत मी गेलो, त्या दारांत उद्या कोणत्या तोंडाने उभा राहू?"

बाबांना चिमटा काढायची संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "तुम्ही हरलात तेव्हा माझं अभिनंदन केलंत. मी तुमचा लाडू घ्यायला हवा होता." मास्टरजी म्हणाले, "नाही, बरं केलंत. तो लाडू जिंकल्याचा नव्हताच."

मी त्या वेळी रजेवर घरी होते. दोन म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून मला जे समजले, ते कुठल्याही निवडणूक विश्लेषणातून समजले नव्हते. अशा वळणांनी फक्त हरलेल्याचे नुकसान होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात जिंकलेल्या बाजूचा प्रामाणिक माणूसही तितकाच फसतो. त्याने आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी चपला झिजवल्या, ती गोष्ट एका फोटोत संपते. राज्याचा कल बदलला असे वर्तमानपत्रांत छापून येते. कल बदललेला नसतो. मास्टरजी तिथेच असतात, बाबाही तिथेच असतात. फक्त त्यांच्या नावावर निवडून आलेले लोक रस्ता ओलांडतात.

हसणारे नातेवाईक

२०२० मध्ये पुण्याची आत्या फोनवर म्हणाली होती, "तुमच्याकडे हे असंच चालायचं बाई!" तिला त्याआधीच्या नोव्हेंबरातला मुंबईचा पहाटेचा शपथविधी आठवला नसावा. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि जुलै २०२३ मध्ये अजित पवार सरकारात गेले, तेव्हा आत्याचा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती. "आम्ही मत दिलं कोणाला आणि गेलं कुठे, काही कळेना गं," म्हणाली. कर्नाटकने २०१९ मध्ये हेच पाहिले. तेव्हा हा कोणा एका राज्याचा स्वभावदोष नाही. देशभरच्या मतदाराची ही एकच तक्रार आहे आणि ती पक्षांच्या सीमा ओलांडून जाते.

उपाय काय? कायदा करणारे आपण नाही, पण मागणी तर करू शकतो. ज्याने पक्ष बदलण्यासाठी राजीनामा दिला, त्याने पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद घेऊ नये, इतकी साधी अट घातली तरी निम्मे राजीनामे खिशातच राहतील. थेट निवडून आलेल्या महापौराने चिन्ह बदलले तर पुन्हा लोकांसमोर जावे, हेही अवघड नाही. पक्ष बदलणे हा गुन्हा नव्हे. माणसाचे मत बदलू शकते. माझ्या बाबांचे तीनदा बदलले. पण बाबांनी दर वेळी रांगेत उभे राहून बदलले. तेवढीच अपेक्षा इतरांकडून आहे.

आणि एक काम आपल्याच हातात आहे. अधारतालच्या आमच्या गल्लीत मास्टरजी आणि बाबांनी ते सुरू केले आहे. दोघे पुन्हा पहाटे एकत्र फिरतात आणि एका शाळकरी वहीत कामे लिहितात. कोणत्या कोपऱ्यावरचा दिवा बंद, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते, कोणी काय आश्वासन दिले, कोणत्या तारखेला दिले. आश्वासन देणाऱ्याचे नाव लिहितात, पक्ष लिहीत नाहीत. पक्ष पेन्सिलीने लिहावा लागेल, असे मास्टरजी म्हणतात.

२०२३ मध्ये राज्याने भाजपला २३० पैकी १६३ जागा दिल्या. कौल स्वच्छ होता आणि जबलपूर जिल्ह्यातही आठांपैकी सात जागा त्यांच्याच. आता कोणाला ओढाताण करायची गरज नाही. मास्टरजी खूश आहेत आणि बाबांनी त्यांचे अभिनंदनही केले आहे. पुढची निवडणूक येईल तेव्हा दारात उमेदवार येतील, आई त्यांना पाणी देईल. वहीच्या शेवटच्या पानावर दोघांनी मिळून एक प्रश्न लिहून ठेवला आहे. जो कोणी येईल, ज्या कोणत्या पक्षाचा असेल, त्याला तो विचारायचा. "निवडून आल्यावर तुमचं मन बदललं, तर आधी इथे याल ना?"

तुमच्या दारात कोणी आले, तर तुम्हीही विचारून पाहा.